मागावरचे गणित, फळ्यावरचे गणित

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गातील विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हांला आज गणितावर बोलायला सांगितले आहे. ऐकून काही जण हसले, ते आम्ही पाहिले. हसणे बरोबरच आहे. आम्ही सातवीत गणितात नापास झालेला माणूस. पुढे बाहेरून दहावी केली तीसुद्धा तिसऱ्या प्रयत्नात, आणि तिथेही आडवे आले ते गणितच. पण गेली काही वर्षे रविवारी सकाळी याच सभागृहात सतरंजी टाकून आठवी ते दहावीच्या मुलांना आम्ही आणि आमचे दोन सहकारी गणित शिकवतो. नापास माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे मूल नेमके कुठे अडते.

सातवीत आम्ही अडलो ते व्यस्त प्रमाणात. इतके मजूर इतक्या दिवसांत भिंत बांधतात, तर तितके मजूर किती दिवसांत बांधतील? आम्ही उभे राहून विचारले, “गुरुजी, मजूर वाढले तर आकडा कमी कसा होतो?” गुरुजी म्हणाले, “तुला कशाला पाहिजे ते? तुझ्या बापाच्या कामाला बेरीज येत असली तरी पुरे.” वर्ग हसला. त्या दिवसापासून आम्ही गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघायला लागलो.

१९८८ साली आम्ही सूतगिरणीत बदली म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बघून आम्ही चक्रावलो. वीस नंबरचे सूत जाड आणि चाळीस नंबरचे बारीक! नंबर वाढला की सूत बारीक होते. टेस्टिंगमध्ये एक जुने कामगार होते, शिक्षण चौथी. त्यांनी आम्हांला रिळापाशी उभे केले. म्हणाले, बघ, या रिळाचा एक फेरा म्हणजे दीड यार्ड. ऐंशी फेरे घ्यायचे. ऐंशी दिडकी किती? एकशेवीस यार्ड. याला म्हणायचे एक ली. सात ली म्हणजे ८४० यार्ड, एक हँक. एका पौंडात जितक्या हँक बसतील तितका सुताचा नंबर. सूत बारीक असले की एका पौंडात जास्त लांबी बसणार, म्हणून नंबर मोठा.

मग त्यांनी लीचे वजन केले. पौंडाचे ग्रॅम ४५३.६, त्याला सातने भागले की ६४.८. या ६४.८ ला लीच्या वजनाने भागायचे. वजन ३.२४ ग्रॅम भरले तर नंबर वीस, १.६२ भरले तर चाळीस. वजन निम्मे, नंबर दुप्पट. आम्ही तिथेच थबकलो. अहो, हेच तर ते व्यस्त प्रमाण! गुरुजींच्या भिंतीत जे सापडले नव्हते ते आम्हांला दोन चिमटी सुतात सापडले. आनंद झाला, पण रागही आला. हे कोणी सातवीत दाखवले असते तर?

आता कोणी म्हणेल, हा एका माणसाचा अनुभव. तसे नाही. ब्राझील देशात रेसीफे नावाचे शहर आहे. तिथे तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमान या अभ्यासकांनी बाजारात शहाळी-भाजी विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून जाऊन हिशोब विचारले. त्यांचा लेख १९८५ साली प्रसिद्ध झाला. एका मुलाला विचारले, ३५ ला एक नारळ, तर दहाचे किती? त्याने पस्तीसच्या पुढे शून्य दिले नाही. तो म्हणाला तीनचे १०५, आणखी तीनचे धरून २१०, आणखी तीनचे ३१५, वर एक, झाले ३५०. उत्तर बरोबर. बाजारात या मुलांची शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तेच हिशोब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले, तर शंभरात सदतीस! मूल तेच, आकडे तेच. फरक फक्त कागदाचा.

आपल्याकडेही अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतील मुलांवर असाच अभ्यास केला आणि तो २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. बाजारातली मुले तोंडी हिशोब भराभर करतात, पण शाळेच्या पद्धतीचे गणित दिले की अडतात. आणि गंमत बघा, ज्या शाळकरी मुलांनी बाजारात काम केलेले नाही ती वहीतले गणित सोडवतात, पण बाजारातला हिशोब आला की त्यांचे हात थांबतात. म्हणजे भिंत दोन्ही बाजूंनी आहे. आपल्या मुलांना डोके नाही असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी हे दोन्ही अभ्यास वाचावेत.

आमची आजी शाळेची पायरी चढली नव्हती. ती मोजायची विसांनी. पासष्ट म्हणायचे असेल तर “तीन विसा न् पाच”. धान्य मोजायला शेर. शेराचे निम्मे मापटे, मापट्याचे निम्मे चिपटे, चिपट्याचे कोळवे, कोळव्याचे निळवे. म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा हिस्सा. अपूर्णांकाची ही सगळी उतरंड तिच्या हातात होती, फक्त तिला कोणी अपूर्णांक म्हटले नव्हते. शाळेने त्याला अडाणीपणा म्हटले. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला, किती विनोद झाले! बदल सरसकट योग्य होता असे आमचे म्हणणे नाही. पण ‘एकवीस’ ऐकून आधी एक आणि मग दोन लिहिणारे, म्हणजे १२ लिहिणारे मूल ज्याने समोर बसवून पाहिले आहे त्याला हसू येत नाही. घरची बोली आणि फळ्यावरचा आकडा यांची गाठ घालून देणे, हेच मास्तरचे काम आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे अशी मागणी होती. कष्टकऱ्याच्या मुलाला त्याच्या जगण्याशी नाते असलेले शिक्षण हवे, हे त्या माणसाला तेव्हाच कळले होते.

म्हणून आम्ही वर्गात घरचे हिशोब आणायला लागलो. पुस्तकात सरळव्याजाचा धडा असतो. त्यात कोणीतरी बँकेत रक्कम ठेवतो, त्याला वर्षाला आठ टक्के मिळतात. आमच्या मुलांच्या घरात बँकेत ठेवायला काय असते? त्यांच्या घरात असते ते “शेकडा पाच”. आम्ही फळ्यावर लिहिले: दहा हजार रुपये, महिना शेकडा पाच. वर्षाचा दर काय? कोणी म्हणाले पाच टक्के. एका मुलाने बोटे मोजली, बारा पंचे साठ. साठ टक्के! दहा हजारांवर वर्षाला सहा हजार नुसते व्याज. वर्गात कोणी बोलेना. दुसऱ्या रविवारी दोन आया मुलांबरोबर आल्या आणि मागे भिंतीला टेकून बसून राहिल्या. मागाच्या मजुरीचेही तसेच. समजा दर पिकाला दहा पैसे, कापड ५२ पिकाचे, तर मीटरला पाच रुपये वीस पैसे. मुले बापाच्या चिठ्ठ्या घेऊन यायची, ताळा करायची. आम्ही खूश होतो. वाटले, आता सापडला रस्ता.

आणि मग एके दिवशी नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “काका, घरात पण मागच आणि हितं पण मागच. मग आम्ही यातनं बाहेर कधी पडायचं?”

मित्रांनो, खरे सांगतो, आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या रविवारी वर्ग लवकर सोडला. घरी येऊन विचार केला, आमचे गुरुजी म्हणाले होते, बापाच्या कामापुरते गणित पुरे. आणि आम्ही तरी वेगळे काय करत होतो? प्रेमाने करत होतो, एवढेच. मुलाची पार्श्वभूमी म्हणता म्हणता आम्ही त्याला बापाच्याच धंद्याला बांधत होतो की काय?

ही भीती पोकळ नाही. मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी योजना आणली होती. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ आईबापाचा धंदा शिकावा. ऐकायला किती गोड! पण ज्या देशात धंदा जातीने ठरतो तिथे याचा अर्थ काय होतो हे आपल्याला समजावून सांगायला नको. पेरियार आणि इतरांनी कडाडून विरोध केला आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना मागे घेतली गेली. तेव्हा ‘मुलाच्या संस्कृतीशी जोडा’ असे कोणी म्हणाले की आपण एक प्रश्न विचारायचा: जोडून पुढे कुठे नेणार?

याचे उत्तर आम्हांला एका काळ्या माणसाच्या कामात सापडले. अमेरिकेत रॉबर्ट मोझेस नावाचे कार्यकर्ते होते, लोक त्यांना बॉब म्हणत. शिक्षक माणूस. १९६१ पासून मिसिसिपी राज्यात काळ्या शेतमजुरांची नावे मतदारयादीत यावीत म्हणून त्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. तिथे वाचता-लिहिता येण्याची परीक्षा घेऊन काळ्यांना मतापासून दूर ठेवत. पुढे १९८२ साली आपल्या मुलीला शाळेत बीजगणित मिळत नाही हे पाहून त्यांनी स्वतः शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. त्यांचे म्हणणे असे की, साठच्या दशकात मताचे जे मोल होते ते संगणकाच्या काळात गणिताचे आहे. बीजगणित ज्याला नाही तो नागरिक म्हणून अर्धाच राहील. २०२१ साली ते वारले.

त्यांची रीत ऐका. मुलांना ते शहरातल्या भुयारी रेल्वेने फिरवून आणत. मग मुलांनी त्या प्रवासाचे चित्र काढायचे. मग आपल्या घरच्या बोलीत सांगायचे. मग तेच नेमक्या भाषेत मांडायचे: कुठून निघालो, कोणत्या दिशेला, किती स्टेशने. आणि शेवटी चिन्हे, अधिक-उणे. सुरुवात मुलाच्या रस्त्यावरून, पण शेवट बीजगणितात झालाच पाहिजे. मध्ये कुठे उतरायचे नाही.

आमच्याकडे भुयारी रेल्वे नाही, पण गल्ली आहे. आम्ही विहाराचे फाटक शून्य धरले. चौकाकडचे विजेचे खांब अधिक एक, अधिक दोन. गिरणीकडचे उणे एक, उणे दोन. मुलांना उणे तीनवर उभे केले (तिथे कुत्र्यांचा उपद्रव आहे, त्यामुळे वर्ग जरा घाईत झाला) आणि विचारले, अधिक चारपर्यंत किती आणि कुठल्या दिशेला? एक मुलगा चालत गेला आणि म्हणाला सहा. बाकीचे म्हणाले सात. भांडण लागले. पुन्हा चालले तेव्हा कळले, फाटकाला खांब नाही म्हणून त्याने शून्य मोजलेच नव्हते! मग फळ्यावर लिहिले: चार वजा उणे तीन बरोबर सात. उणे वजा केले की अधिक का होते हे त्या दिवसानंतर त्या मुलांना पाठ करावे लागले नाही.

आणि सुताकडे आम्ही परत गेलो, पण या वेळी तिथे थांबलो नाही. लीचे वजन आणि नंबर यांचे आकडे आलेख कागदावर मांडले. बिंदू जोडले तर सरळ रेघ येईना, खाली उतरत जाणारी वाकडी रेघ आली, ती अक्षाजवळ जाते पण टेकत नाही. आम्ही म्हटले, आता ‘सूत’ पुसा, ‘वजन’ पुसा. लिहा क्ष गुणिले य बरोबर ६४.८. मग हीच रेघ आणखी कुठे सापडते ते शोधा. वेग आणि वेळ यांत सापडली. मजूर आणि दिवस यांत सापडली, म्हणजे आमच्या गुरुजींची ती भिंत! बंद डब्यातल्या वायूचा दाब आणि आकारमान यांतही सापडली, ते विज्ञानाच्या पुस्तकातून मुलांनीच काढले. त्या मुलीने पुढे विचारले, ही रेघ शून्याला कधीच टेकणार नाही का? तिच्या या प्रश्नात माग कुठेही नव्हता. आम्ही तिला सांगितले की याचे पुरते उत्तर आम्हांलाही देता येत नाही, ते कॉलेजातल्या गणितात आहे, तू जाऊन शिक आणि आम्हांला येऊन सांग.

पालकांना एक विनंती. मुलाने मजुरीची चिठ्ठी किंवा उचलीचा हिशोब मागितला तर लपवू नका, त्याला द्या. लाज वाटायची ती व्याज लावणाऱ्याला वाटू दे. मुलगी नववीत गेली म्हणून रविवारी कांड्या भरायला बसवू नका, तिला वर्गाला पाठवा. आणि आपल्यातले जे तरुण इंजिनिअर झाले, बँकेत लागले, शिक्षक झाले, त्यांनी महिन्यातला एक रविवार आम्हांला द्यावा. आमचे गणित दहावीपाशी संपते. त्याच्या पुढचे शिकवणारा माणूस आम्हांला हवा आहे. वर्ग सकाळी नऊला भरतो. सध्या एकच फळा आहे, दुसरा मिळाला तर दहावीची मुले वेगळी बसवता येतील. आलेख कागदाची सोय झाली आहे.