खरें काय आणि तसें कां वाटलें?



आमच्या जुन्नर-आंबेगांव भागांत ऊस वाढला आणि त्या उसांत बिबट्यांनीं बिऱ्हाड थाटलें, हें आपण ऐकून असालच. माणिकडोहला तर पकडलेल्या बिबट्यांसाठीं एक केंद्रच आहे. मी या मुलखांत मास्तरकी करीत असतांना एके सकाळीं एक मुलगा धापा टाकीत उशिरां आला व म्हणाला, "गुरुजी, बांधावर बिबट्या बसला होता." मीं शिपाई पाठविला. बांधावर एक मळकें पोतें निघालें. मीं त्या पोराला वर्गासमोर खोटारडा ठरवून दिवसभर उभें केलें. तें मला अजून सलतें.

त्याचें विधान असत्य होतें. पण तो खोटें बोलत नव्हता. हा भेद मला तेव्हां उमगला नाहीं. विधान खरें कीं खोटें आणि तें कोणत्या प्रमाणानें ठरवावें, हा तत्त्वज्ञानाचा प्रांत. भ्यालेल्या मनाला अंधुक आकारांत धास्तीचीच वस्तु कां दिसते, हें मानसशास्त्र सांगतें. दोरीच्या ठिकाणीं साप दिसतो, याचा खल आमच्या वेदान्त्यांनीं शतकानुशतकें केला. पतंजलींनीं तर प्रमाण आणि विपर्यय, दोहोंनाहि चित्ताच्या वृत्तींतच बसविलें. दोन्ही विषय एकाच घरांत नांदत होते.

वाटणी पुढें झाली. वुण्ट यांनीं १८७९ सालीं लाइप्झिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. गंमत अशी कीं, ते स्वतः तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते! कलकत्ता विद्यापीठांत १९१६ सालीं मानसशास्त्राचा निराळा विभाग आला. उलट ऑक्सफर्डनें १९४७ सालीं, शरीरशास्त्रालाहि सोबत घेऊन, हे विषय एका पदवींत आणले. आपल्याकडेहि २०२० च्या शैक्षणिक धोरणानें मुख्य विषयाला दुसऱ्या विषयाची जोड देण्याची वाट मोकळी केली आहे.

परवां एक मुलगी हेच दोन विषय घेऊं काय, असें विचारावयास आली. सोबत वडील होते. "यावर पोट भरेल का?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. नुसत्या पदवीवर मानसोपचार करतां येत नाहीं, त्यासाठीं पुढें वेगळें शिक्षण लागतें, हें मीं स्पष्ट सांगितलें. तरी दोन्ही घे, असेंच म्हणालों.

ते वडील म्हणजे तोच मुलगा. मीं त्यांची माफी मागितली. ते हसले. "ती शिक्षा मला आठवतहि नाहीं," ते म्हणाले, "पण बिबट्याच होता, गुरुजी!"