पप्पांची बाटली आणि 20 मिलिग्रॅमचा हिशोब

आजचा एपिसोड छोटा आहे आणि मुकुंदवाडीतल्या घरातूनच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मध्येच कुकरची शिट्टी आली तर सांभाळून घ्या.

झालं असं, की गल्लीतल्या एका काकूंनी पप्पांना अँटीऑक्सिडंटची बाटली दिली. पप्पा 56 वर्षांचे, चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्ट करतात आणि तीसेक वर्षं बिडी ओढतात. काकू म्हणाल्या, "भाऊ, बिडी सुटत नसंल तर निदान हे तरी घ्या, फुफ्फुसं साफ राहतात." पप्पांना लगेच पटलं. सोडण्यापेक्षा गिळणं सोपंच ना!

मी दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचणारा माणूस. बाटलीही तशीच वाचली, म्हणजे मागच्या बाजूने. व्हिटॅमिन सी 500 मिलिग्रॅम. आयसीएमआरने 2020 मध्ये प्रौढ पुरुषाला रोज 80 सांगितलंय, म्हणजे हे सहापट. घाबरण्यासारखं नाही, जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं. पैसेही त्याच वाटेने! तेवढं 80 तर एका पेरूत मिळतं. पुढे 'वनस्पती अर्कांचं खास मिश्रण, 350 मिलिग्रॅम'. हळद, ग्रीन टी, द्राक्षाच्या बिया, पण कशाचं किती ते नाही. सॅलरी स्लिपवर नुसती एकूण रक्कम छापावी, तसं.

अडकलो ते बीटा-कॅरोटीनवर. गाजरातलं केशरी द्रव्य, शरीर त्याचं व्हिटॅमिन ए बनवतं. लेबलवर 10 मिलिग्रॅम. पण तो आकडा एका गोळीचा, आणि खाली बारीक अक्षरात 'दिवसातून दोन'. म्हणजे 20.

हा 20 चा आकडा बघून मी जरा गप्प झालो. फिनलंडमध्ये 1985 पासून 50 ते 69 वयाच्या 29,133 पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. सगळे सिगारेट ओढणारे. त्यातल्या काहींना रोज बीटा-कॅरोटीन दिलं, बरोबर 20 मिलिग्रॅम. आशा काकूंसारखीच होती, की कॅन्सर कमी होईल. 1994 ला निकाल आला तर ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त! अमेरिकेत अशाच दुसऱ्या चाचणीत बीटा-कॅरोटीनसोबत व्हिटॅमिन ए देत होते, ती 1996 ला मुदतीआधीच थांबवली. गाजर खा हो, बिनधास्त. भानगड आहे ती गोळीतल्या डोसची आणि धुराची.

बाटलीवर एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर होता, खराही असेल. पण तो नंबर बनवणाऱ्याकडे लायसन्स आहे एवढंच सांगतो. आपले पप्पा बिडी ओढतात हे त्याला कुठून माहीत?

रात्री जेवताना हे सगळं सांगितलं. पप्पा म्हणाले, "म्हणजे गोळी बंद, बिडी चालू?" म्हणलं, दोन्ही बंद. ते हसले आणि भाकरी मोडत राहिले.

बाटली काकूंना परत दिली, त्यांच्याही घरी कोण ओढतं ते विचारून. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, 1800-11-2356, पप्पांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिलीय. अजून लावलेली नाही.