बटण धुण्यात टिकलं पाहिजे

आज शिलाई करणाऱ्या गटांशी बोलायचं आहे, पण शिलाईबद्दल नाही, बटणांबद्दल. खणाच्या कापडाचं जाकीट शिवलं, शिलाई नेटकी, कापड झकास, आणि त्याला दुकानातलं पांढरं प्लास्टिकचं बटण. बघणारीची नजर तिथंच अडते. तेच बटण खणाच्या काठाच्या रंगाचं, हातानं घडवलेलं असलं तर दोन पैसे जास्त मागता येतात. असं बटण पॉलिमर क्लेचं करता येतं.

आधी खरेदीचं बघू, कारण घोळ तिथंच होतो. बाजारात 'क्ले' म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक हवेत वाळते. शोभेच्या फुलांना ती छान, पण पाण्यात भिजली की मऊ पडते. बटणाला तिचा उपयोग नाही. दुसरी पॉलिमर क्ले. ती मुळात पीव्हीसी, म्हणजे आपल्या पाइपातलंच प्लास्टिक, मऊ राहील असं केलेलं. ती भाजावीच लागते. जर्मनीची फिमो, अमेरिकेची स्कल्पी ही त्यातली नावं. पुडक्यावर भाजण्याचं तापमान छापलेलं नसेल तर घेऊ नका, मग दुकानदार काहीही सांगो.

करायला सोपं आहे. पाणी अजिबात घालायचं नाही. हाताच्या उबेनं कणकेसारखी मळायची, गुळगुळीत टाइलवर काचेच्या बाटलीनं लाटायची. घरातलं लाटणं घेऊ नका, या कामाला लागलेली वस्तू पुन्हा स्वयंपाकात न्यायची नाही. जाडी साधारण तीन मिलिमीटर, एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी. बाटलीच्या छोट्या झाकणानं गोल कापा, कडा बोटानं मऊ करा, आणि दाभणानं भोकं आत्ताच पाडा. दोरा दोन-तीनदा आरामात गेला पाहिजे.

नक्षीसाठी रंगवायची गरज नाही. आपल्याला अळूवडी येते ना? दोन रंगांच्या पोळ्या एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळा, तासभर थंड जागी ठेवा आणि धारदार पात्यानं चकत्या करा. प्रत्येक चकतीत चक्री. गुंडाळी हातानं दाबत लांब केली तर चक्री तशीच राहून बारीक होते. ही नक्षी आरपार असते, त्यामुळे घासून जात नाही.

खरी परीक्षा भाजण्यात. पुडक्यावर असेल तेच तापमान, बहुतेक 110 ते 130 अंश सेल्सिअस, आणि साधारण अर्धा तास. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत ठेवायचा तापमापक वेगळा मिळतो, तो घ्या. मायक्रोवेव्ह नको, चुलीवरची कढईही नको, तिथं उष्णता मोजता येत नाही. क्ले करपली तर त्यातून डोळे-घसा झोंबवणारा विषारी वायू निघतो. तसा वास आला की ओव्हन बंद, दारं-खिडक्या उघडी, आणि सगळ्याजणी बाहेर. म्हणून गटानं एक वेगळा ओटीजी याच कामाला ठेवावा हे बरं. मध्येच वीज गेली तर घाबरू नका, वीज आल्यावर पुन्हा पूर्ण वेळ भाजा, बटणं बिघडत नाहीत. कच्ची राहिली तर मात्र शिवताना तुटतात. प्रत्येक घाण्यात एक पातळ पट्टी भाजा. गार झाल्यावर ती वाकली पाहिजे, कटकन मोडता कामा नये.

मग पाण्यात बुडवून बारीक पॉलिश पेपरनं घासा. चकाकीसाठी नेलपॉलिश लावू नका, काही दिवसांनी चिकट होतं.

हिशेब असा. 57 ग्रॅमच्या वडीतून दोन सेंटिमीटर रुंदीची साधारण तीस बटणं निघतात. वडीची किंमत तीसनं भागा, विजेचा वाटा धरा, आणि आपला वेळ धरा, तो फुकट नसतो. उत्तर दुकानातल्या बटणापेक्षा महागच येईल. म्हणून सुटी बटणं विकत बसू नका. सहाचा संच करा, नाहीतर कपड्यावर लावूनच विका. लहान बाळांच्या कपड्यांना मात्र नकोत, तोंडात जातात.

गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्या: हातानं हलकं धुवा, दगडावर आपटू नका, ड्रायक्लीनला देऊ नका, बटणावर इस्त्री फिरवू नका. सोबत एक जादा बटण.

आणि पहिली सहा बटणं विकायची नाहीत. गटातल्याच कुणाच्या कुर्त्याला लावा, महिनाभर वापरा, धुवा. फुटली तर पुढचा घाणा जास्त वेळ भाजा. टिकली की मग ऑर्डर घ्या.