घराचा हप्ता आणि घराचे घरपण

(‘गृहस्थाश्रम आणि अर्थसंयम’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी नेहमी असे. माणसाची चिकाटी, त्याचा हिशेबीपणा, त्याच्या आप्तेष्टांचा जिव्हाळा या सर्वांची कसोटी या दोन प्रसंगी लागते, एवढाच तिचा अर्थ. म्हण जुनी झाली. कसोटी मात्र जुनी झालेली नाही. पूर्वी ती वर्ष-दोन वर्षांत संपत असे, आज ती वीस-वीस वर्षे चालते. कारण आज मध्यमवर्गीय माणूस घर बांधत नाही, तो घराचे हप्ते भरतो.

हा बदल कसा झाला, ते थोडक्यात पाहू. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत समाजातील मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या नोकरदारांनी एकमेकांच्या विश्वासावर उभे केलेले ते काम होते. पुढील साठ वर्षे आपल्याकडे घराचा मार्ग ठरलेला होता. आयुष्यभर चाळीत किंवा कंपनीच्या वसाहतीत राहायचे, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हाती आली की निवृत्तीच्या सुमारास दोन खोल्या घ्यायच्या. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी केवळ गृहकर्जासाठी एक वित्तसंस्था उभी केली आणि पगारदार माणसाला तरुणपणीच घर घेण्याची वाट मोकळी झाली. हे मोठेच काम झाले, यात शंका नाही.

परंतु त्याबरोबर एक क्रम उलटा झाला. आधीची पिढी प्रथम बचत करी आणि मग घर घेई. आजची पिढी प्रथम घर घेते आणि मग वीस वर्षे बचत करते. कर्ज म्हणजे उद्याची बचत आज खर्चून टाकणे. म्हणून पूर्वी जो संयम परिस्थिती शिकवत असे, तो आज स्वतःच्या निश्चयाने अंगी बाणवावा लागतो. तो बाणवला नाही, तर घर उभे राहते आणि घरपण खचते.

एका कुटुंबाचा हिशेब

आपल्यापैकी अनेकांना ओळखीचे वाटेल असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू या. डोंबिवलीत चौदा हजार रुपये भाड्याने राहणारे. मुलगा खाजगी कंपनीत, हाती बावन्न हजार. सून शाळेत शिक्षिका, तिच्या हाती अठ्ठावीस हजार. एक शाळकरी मुलगी आणि घरात वडीलधारी आई. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणे आणि प्रत्येक वेळी देवघर कोठे मांडायचे हा आईचा प्रश्न.

रविवारी घरे पाहणे सुरू झाले. पहिल्या भेटीतच मोठ्या संकुलातील पंचावन्न लाखांचे घर मनात भरले. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, दारात सुरक्षारक्षक. विक्री कार्यालयातील तरुणाने कागदावर आकडे मांडले. कर्ज चव्वेचाळीस लाख, नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता चाळीस हजारांच्या आत. दोघांच्या पगारावर बँक कर्ज सहज देईल, असेही त्याने सांगितले.

त्याने सांगितले ते खोटे नव्हते. पण बँक किती देईल आणि आपल्याला किती पेलेल, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर पगारपत्रक देते, दुसऱ्याचे घरातील हिशेबाची वही देते. सुनेने घरी येऊन एकच प्रश्न विचारला, “दोघांपैकी एकाचा पगार सहा महिने थांबला, तर?” बावन्न हजारांतून चाळीस हजार गेले तर बारा हजारांत पाच जणांचे नव्हे, चार जणांचेही घर चालत नाही. सासूबाईंनी पाटल्या पुढे केल्या. मुलाने त्या परत पेटीत ठेवायला लावल्या आणि त्या रात्री पंचावन्न लाखांच्या घराचे माहितीपत्रक रद्दीत गेले.

कल्याणकडे अडतीस लाखांचे, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले एक साधे घर नजरेत होते. त्याचा हिशेब असा. कर्ज तीस लाख, स्वतःचे आठ लाख. पण एवढ्यावर भागत नाही. मुद्रांक शुल्क आपल्या महानगर परिसरात साधारण सहा-सात टक्के, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास. नोंदणी शुल्क तीस हजार. बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाची कागदतपासणी, सामानाची ने-आण वेगळी. सारांश, हाती अकरा लाख हवेत आणि शिल्लक होती नऊ लाख. (घर स्त्रीच्या एकटीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्रात २०२१ पासून आहे, हे गृहिणींनी लक्षात ठेवावे.)

हप्त्याची रंगीत तालीम

या कुटुंबाने तेव्हा जे केले, ते प्रत्येक घराने करून पाहण्याजोगे आहे. नाटकाआधी रंगीत तालीम होते, तशी त्यांनी हप्त्याची तालीम केली. तीस लाखांचा वीस वर्षांचा हप्ता सुमारे सत्तावीस हजार, सोसायटीचा देखभाल खर्च दोन हजार, एकूण एकोणतीस हजार. त्यातून चालू भाडे वजा करता उरले पंधरा हजार. तेवढी रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीत जाऊ लागली. घर घेतलेलेच आहे, असे समजून जगायला सुरुवात झाली.

तीन महिने सुरळीत गेले. चौथ्या महिन्यात शाळेचे शुल्क आणि गावचा गणपती एकत्र आले आणि ठेव चुकली. पाचव्या महिन्यातही चुकली. खरा हप्ता असता तर दंड लागला असता आणि पतनोंदीवर डाग पडला असता. येथे केवळ डोळे उघडले. घराचे अंदाजपत्रक मासिक खर्चाने सहसा कोसळत नाही. ते कोसळते वर्षातून एकदा येणाऱ्या आणि दरवर्षी ‘अचानक’ भासणाऱ्या खर्चाने. मग आईची जुनी वही निघाली. गणपती, दिवाळी, विम्याचा हप्ता, शाळा, लग्नकार्यातील आहेर, उन्हाळ्यातील वर्षाचे धान्य, सर्व लिहून काढले. बेरीज शहाण्णव हजार. म्हणजे दरमहा आठ हजार निराळ्या खात्यात हवेत. ते ठेवू लागल्यावर ठेव पुन्हा चुकली नाही. बाहेरचे जेवण महिन्यातून एकदा आले, हप्त्याने घ्यायचा मोबाइल राहिला, सणाची मिठाई घरी होऊ लागली. तालीम वर्षाऐवजी दीड वर्ष चालली. त्यातून दोन लाख सत्तर हजार आणि वर व्याज जमले. पाटल्या पेटीतच राहिल्या आणि घर झाले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या आय-व्ययाच्या नोंदीसाठी ‘अक्षपटल’ या स्वतंत्र कार्यालयाची व्यवस्था आहे. जे राज्याला आवश्यक वाटले, ते घराला अनावश्यक कसे असेल?

घर निवडताना

येथे काही व्यवहाराच्या गोष्टी. जाहिरातीतील क्षेत्रफळावर जाऊ नये, चटईक्षेत्र विचारावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार विक्री त्याच मापाने करणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात या कायद्याखालील प्राधिकरण, महारेरा, मे २०१७ पासून काम करते. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची नोंदणी तेथे पाहता येते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागतो, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला मिळालेल्या घरावर लागत नाही. आणि बांधकाम सुरू असेतो हप्ता व भाडे दोन्ही भरावे लागू शकते, याचा विसर पडू नये. स्टेशनपासूनचे अंतर, पाण्याची वेळ आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचणारे पाणी, या गोष्टी मात्र कोणत्याही कागदावर नसतात. त्या जुलै महिन्यात स्वतः चालत जाऊन पाहाव्यात.

व्याजाचे गणित

तीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के, वीस वर्षे. पहिल्या सत्तावीस हजारांच्या हप्त्यात व्याज किती? साडेबावीस हजार. मुद्दल फिटते केवळ साडेचार हजार. वीस वर्षांत एकूण भरणा सुमारे पावणेपासष्ट लाख होतो. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण याच गणितात उपायही आहे. दरवर्षी एक हप्ता जास्त भरला, तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी फिटते आणि सात लाखांच्या आसपास व्याज वाचते. पगारवाढीबरोबर हप्ता दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवला, तर तेच कर्ज बारा वर्षांत संपते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली आहे.

दुसरी बाजूही पाहावी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. सात टक्क्यांनी तीस लाख घेतलेल्याचा हप्ता होता सव्वातेवीस हजार. दर साडेनऊ झाल्यावर त्याच रकमेचे महिन्याचे व्याजच पावणेचोवीस हजार होते. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दल फिटणे दूरच, व्याजही पुरते फिटत नाही. अनेकांची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली ती अशी. हप्ता वाढवावा की मुदत, की स्थिर दर घ्यावा, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले. तेव्हा बँकेचे पत्र न वाचता ठेवू नये. २०२५ मध्ये दर टप्प्याटप्प्याने उतरला. अशा वेळी हप्ता कमी करून न घेता तोच चालू ठेवणे, हीच शहाणी काटकसर.

काही जण करसवलतीसाठी कर्ज लांबवतात. शंभर रुपये व्याज भरून तीस रुपये कर वाचवण्याचा हा व्यवहार आहे. त्यातही स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. अर्थात, जादा भरणा करण्याआधी सहा महिन्यांच्या हप्त्याएवढी गंगाजळी आणि कमावत्या व्यक्तीचा कर्जाएवढा मुदत विमा, हा क्रम मोडू नये.

काटकसर कोणाची?

आता त्या कुटुंबाकडे पुन्हा वळू. घर घेतल्याला दोन वर्षे झाली होती. हप्ते वेळेवर जात होते, जादा भरणाही सुरू झाला होता. एका संध्याकाळी आईचा पाय उंबऱ्याला अडखळला. डॉक्टरांकडे गेल्यावर कळले, मोतीबिंदू केव्हाचा पिकला आहे. वर्षभर त्यांना नीट दिसत नव्हते. पोथी उघडून त्या पाठ असलेलेच म्हणत होत्या. मुलाने विचारले, “आई, सांगितले का नाहीस?” त्या म्हणाल्या, “अरे, तुमच्या वहीत सगळ्याला रकाना आहे. त्यात माझा डोळा कुठे बसवायचा?”

मित्रहो, हा प्रसंग काल्पनिक असला, तरी अशा आई आपल्या घराघरांत आहेत. कोणी चष्म्याचा नंबर लपवते, कोणी गुडघ्याचे दुखणे, कोणी सून माहेरी जाणे टाळते. काटकसर आणि कृपणता यांत भेद आहे, तो येथे. जी सर्वांनी मिळून, उघडपणे ठरवली, ती काटकसर. जी घरातील एकाच्या वाट्याला मुकाट्याने आली, तो अन्याय. त्या घराने वर्षभराचा जादा भरणा थांबवला, शस्त्रक्रिया केली आणि वहीत ‘आरोग्य’ असा रकाना आखला. कर्ज काही महिने लांबले. बिघडले काहीच नाही.

आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे आणि मोकळेपणाने बोलावे, हा कुटुंब प्रबोधनाचा आग्रह याचसाठी आहे. त्या बैठकीत हिशेबाची वहीही मध्ये ठेवावी. मुलांनाही कळू द्यावे की घर आपोआप होत नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. अमर्याद उपभोग हे मानवी जीवनाचे ध्येय होऊ शकत नाही, हा त्या चिंतनाचा गाभा होता. समर्थांनीही प्रपंच नेटकेपणाने करण्याचा उपदेश केला, प्रपंच सोडण्याचा नव्हे.

आणि एक. हप्ता कितीही असो, वहीत समर्पणाचा एक रकाना असावा. रक्कम लहान असेल, चालेल. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला आणि त्यातून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. लोकमान्यांनी त्या कामाला बळ दिले. पैसा देणारेही भाड्याच्या खोलीतच राहत होते. स्वतःचे घर होईपर्यंत समाजाचे पाहू, असे ते म्हणाले असते, तर तो कारखाना उभा राहिला नसता.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून घराचे मूळ कागद परत येतात. ते तीस दिवसांत द्यावेत, असा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. ज्या दिवशी ते कागद देवापुढे ठेवले जातील, त्या दिवशी घरातील प्रत्येकाला निरांजन स्पष्ट दिसले पाहिजे. हप्ते भरताना एवढे ध्यानात ठेवले, तरी पुरे आहे.