बांधातली अंडी

बालाघाटच्या धानातला नाकतोडा, झुडपावरचा खंडोबाचा किडा आणि घरातलं झुरळ हे भाऊबंद; खंडोबाचा किडा आणि झुरळ जवळचे, नाकतोडा जरा लांबचा. तिघांचीही तोंडं चावणारी, आणि तिघांतही अळी नाही, कोष नाही. अंड्यातून बिनपंखी पिल्लू निघतं, कात टाकत वाढतं, शेवटच्या कातीनंतर त्याला पंख येतात. अंडी घालण्याची तऱ्हा मात्र प्रत्येकाची निराळी. झुरळ ती कडक डबीत ठेवतं, खंडोबाचा किडा फांदीवर फेसाच्या आवरणात. नाकतोड्याची मादी पोट लांबवून बांधाच्या मातीत खुपसते आणि आत अंडी घालते. तिथं ती अंडी उन्हाळा काढतात, पावसाळ्यात फुटतात आणि पिल्लं कोवळ्या धानावर तुटून पडतात. म्हणून शेतकरी बंधुभगिनींनो, उन्हाळ्यातच बांध खरवडा. उघडी पडलेली अंडी उन्हानं सुकतात, पक्षी टिपतात. खंडोबाच्या किड्याला मात्र मारू नका, तो नाकतोड्याची पिल्लंही खातो.