करांची परिभाषा आणि मराठी



करमागणीची नोटीस घरी आली म्हणजे नागरिकाला त्या कागदातून चार गोष्टी कळाव्या लागतात. रक्कम कशाबद्दल आहे, ती किती आहे, कोणत्या तारखेपर्यंत भरावयाची आहे आणि आकारणी मान्य नसल्यास दाद कोणाकडे मागावयाची. यांपैकी एखादी गोष्ट शब्दाच्या संदिग्धतेमुळे कळली नाही, तर नुकसान नागरिकाचे होते आणि पुष्कळदा ते भरून निघत नाही. कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणताही कर बसविता येणार नाही किंवा वसूल करता येणार नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद २६५ मध्ये म्हटले आहे. हा प्राधिकार ज्या शब्दांतून गावोगावी पोचतो, त्या शब्दांचे भाषांतर कसे व्हावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मराठी मुलखात हा प्रश्न नवा नाही. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपविण्यात आले आणि दप्तरात रुळलेल्या सुमारे चौदाशे फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. त्या कोशाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ ही पदवी कायम राहिली. लोकांच्या तोंडी मात्र ते पेशवेच राहिले. महसूल, वसूल, जकात, फिर्याद, जामीन हे शब्द तर हललेच नाहीत. विसाव्या शतकात बडोदे संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ प्रसिद्ध केला. इंग्रजी शासकीय संज्ञांना मराठी व गुजराती यांसह अनेक भाषांतील पर्याय शेजारी शेजारी मांडून त्यांतून निवड करण्याची त्याची पद्धत आजही अनुकरणीय वाटते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यानंतर त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने मराठीला राज्यकारभारात कायदेशीर स्थान मिळाले. तेव्हापासून जिल्हाधिकारी, अधिसूचना, अनुदान, अर्थसंकल्प असे कितीतरी शब्द घडले वा रूढ झाले, आणि आज ते कोणाला परके वाटत नाहीत.

या इतिहासावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की, सोपा शब्द टिकतो आणि कठीण शब्द मरतो. करांच्या बाबतीत एवढे म्हणून भागत नाही. येथे शब्द सोपा असूनही घातक ठरू शकतो, कारण कायद्याने जे दोन अर्थ वेगळे ठेवले आहेत, ते तो एकत्र करून टाकतो.

‘शुल्क’ हाच शब्द घ्यावा. उत्पादन शुल्क, सीमाशुल्क, मुद्रांक शुल्क या संज्ञांमध्ये शुल्क म्हणजे कराचाच एक प्रकार. शाळेतील शिक्षण शुल्क किंवा परीक्षा शुल्क म्हणजे मात्र फी. कायद्यात कर आणि फी यांत मोठा भेद आहे. शिरूर मठाच्या १९५४ च्या प्रसिद्ध निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला : कर हा सर्वांवरील समान भार असतो व तो भरणाऱ्याला त्याबद्दल विशिष्ट लाभ मागता येत नाही, फी ही विशिष्ट सेवेबद्दल घेतली जाते. पुढील निकालांनी सेवा आणि फी यांचा काटेकोर हिशेब जुळलाच पाहिजे हा आग्रह सैल केला. भेद मात्र राहिला. आता पंचायतीने बाजारातील जागेबद्दलच्या पावतीवर ‘शुल्क’ असे छापले, तर तो कर आहे की फी, हे भरणाऱ्याला कसे समजावे? ‘महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, १९६०’ या नियमांच्या नावात ‘फी’ हा परका शब्द तसाच ठेवला आहे. शुद्धतेच्या आग्रहाने तो काढून तेथे ‘शुल्क’ घालणे म्हणजे अर्थाचा एक आवश्यक बांध फोडणे होय.

तीच गोष्ट पाणीपट्टीची. इंग्रजी अधिनियमात सामान्य आणि विशेष अशा दोन पाणीपट्ट्या आहेत. सामान्य पाणीपट्टी घरांवर वा जमिनींवर आकारता येते; विशेष पाणीपट्टी नळाने दिलेल्या पाण्याबद्दल असते. मागणीपत्रात नुसते ‘पाणीपट्टी’ लिहिले, तर नळ नसलेला ग्रामस्थ विचारतो की, नळच नाही तर पट्टी कशाची? त्याची तक्रार कदाचित टिकणार नाही, पण ती उद्भवण्यास कारण झाला तो कागदावरून गळलेला एक शब्द.

‘जकात’ या शब्दाचा प्रवास याहून विलक्षण आहे. अरबी भाषेत, आणि इस्लामच्या आचारात, संपत्तीतून द्यावयाचे ते धार्मिक दान. मराठीत मात्र नाक्यावर मालावर घेतला जाणारा कर म्हणजे जकात. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली, तरी शब्द अजून बोलण्यात आहे. जुन्या मराठी जकात-नोटिशीचा उर्दू अनुवाद करणाऱ्याने ‘जकात’ तसाच उतरविला, तर वाचणाऱ्याला नगरपालिका धर्मादाय मागते आहे असे वाटेल. तेथे ‘चुंगी’ हाच शब्द हवा. दोन भाषांत रूप एकच असले म्हणजे अर्थही एकच, असे धरून चालणे भाषांतरकाराला फार महागात पडते. (मुंबईच्या फोरस रोडवरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, त्यातील ‘फोरस’ जमिनीच्या खंडाला असलेल्या पोर्तुगीज ‘फोरो’ या शब्दावरून आला आहे. न भाषांतरलेला महसुली शब्द असा रस्त्याच्या पाटीवर जाऊन बसतो.)

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जोडी म्हणजे तहकुबी आणि सूट. टंचाईच्या वर्षी जमीन महसुलाची तहकुबी जाहीर झाली, तर वसुली पुढे ढकलली जाते. येणे कायम राहते. सूट मिळाली तर तेवढे येणेच सुटते. गावात मात्र दोन्हींची बातमी ‘सारा माफ झाला’ अशीच पसरते, आणि पुढच्या हंगामात थकबाकीसह मागणी आली म्हणजे शासनाने शब्द फिरविला असे लोक समजतात. तहकुबी हा शब्द जुना, नेमका आणि मराठी दप्तरात मुरलेला आहे. तो अवघड वाटतो म्हणून गाळण्याऐवजी चावडीवर एका वाक्यात समजावून सांगणे अधिक बरे.

‘सूट’ या शब्दावर तर भार फार झाला आहे. दुकानदाराने किमतीत दिलेली सूट, महसुलातील सूट, करातून सुटका आणि कराच्या रकमेतील कपात या सर्वांना एकच शब्द. प्राप्तिकराचे विवरण भरणाऱ्या शिक्षकाला यातील फरक लगेच जाणवतो. उत्पन्नातून दहा हजार रुपयांची ‘वजावट’ मिळाली आणि कराचा दर वीस टक्के असला, तर कर दोन हजारांनी कमी होतो. तेच दहा हजार प्रत्यक्ष करातून मिळणारी ‘सूट’ असेल, तर कर दहा हजारांनी उतरतो. वजावट आणि सूट हे शब्द परिपत्रकात अदलाबदलीने वापरणे म्हणजे आठ हजारांची चूक पेरणे.

वस्तू व सेवा कराने अशीच एक नवी जोडी आणली : करमुक्त पुरवठा आणि शून्य-दर पुरवठा. ऐकणाऱ्याला दोन्हींचा अर्थ ‘कर नाही’ एवढाच वाटतो. नाशिकच्या द्राक्षांचे उदाहरण घ्यावे. ताजी द्राक्षे मुंबईच्या बाजारात विकली तर तो पुरवठा करमुक्त असतो, आणि पेट्यांच्या खरेदीवर भरलेला कर विक्रेत्याच्या अंगावर पडतो. तीच द्राक्षे परदेशी पाठविली तर तो पुरवठा शून्य-दराचा ठरतो, आणि पेट्यांवरील कराचा परतावा नोंदणीकृत निर्यातदाराला मागता येतो. माहितीपत्रकात दोन्ही ठिकाणी ‘करमाफ’ असे सोपे भाषांतर केले, तर निर्यातदार आपला हक्काचा पैसा मागणारच नाही. याच कायद्याच्या नावाकडेही पाहावे. केंद्रीय अधिनियमाच्या हिंदी पाठात ‘माल और सेवा कर’ आहे, मराठीत ‘वस्तू व सेवा कर’. दोन्ही पर्याय आपापल्या भाषेत ठीक आहेत. हिंदीवरून मराठी करताना मात्र शब्द उचलण्यापूर्वी मूळ संज्ञेकडे जावे, एवढे यातून घेण्यासारखे. ‘प्राप्तिकर’ सोडून ‘आयकर’ म्हणण्याने अर्थाची हानी होत नाही. पण एकाच कार्यालयाच्या एकाच पत्रात दोन्ही नावे आली, तर ते दोन वेगळे कर आहेत असा समज होऊ शकतो, आणि होतोही.

आता उलट बाजू. नवे घडविलेले शब्द नेमके असूनही कित्येकदा परस्परांपासून ओळखू येत नाहीत. पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन ही अशी जोडी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये अपील, पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन हे तीन वेगळे मार्ग आहेत. पुनरीक्षणात वरचा अधिकारी खालच्या अधिकाऱ्याचे कागद मागवून आदेश तपासतो. पुनर्विलोकनात आदेश देणारे प्राधिकरण साधारणतः आपलाच आदेश पुन्हा पाहते. अपिलाची मुदत, आदेश जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याचा असल्यास सामान्यतः साठ दिवस आणि अन्य बाबतींत नव्वद दिवस. जुळ्या भावंडांसारख्या या शब्दांमुळे अर्जदार चुकीच्या दाराशी गेला, तर ते दिवस जातात. कोशात हे शब्द राहू द्यावेत. आदेशाखालच्या टिपेत मात्र ‘वरिष्ठांकडून फेरतपासणी’ आणि ‘त्याच अधिकाऱ्याकडून फेरविचार’ असे लिहिण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

प्रत्येक दुर्बोधतेचा दोष भाषांतरकारावर टाकणे न्याय्य नाही. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात उत्पन्न मिळाले ते ‘पूर्व वर्ष’ आणि त्यावर आकारणी झाली ते ‘निर्धारण वर्ष’ असे दोन कालखंड होते, आणि पगारदार माणसे दरवर्षी त्यांत गोंधळत. मराठी शब्द कितीही बदलले असते तरी गोंधळ राहिलाच असता, कारण तो मुळातच होता. २०२५ च्या नव्या अधिनियमाने १ एप्रिल २०२६ पासून दोहोंच्या जागी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आणली.

शेवटचा मुद्दा प्रमाण पाठाचा. राज्य विधानमंडळाने कायद्यासाठी इंग्रजीखेरीज अन्य भाषा विहित केली असली, तरी अनुच्छेद ३४८ नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांना प्राधिकृत दर्जा देण्याची सोय १९७३ च्या प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधी) अधिनियमाने झाली. दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविणारी अधिसूचना २१ जुलै १९९८ रोजी निघाली. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीतच चालते. म्हणजे मराठीत निघालेली करमागणी वादात सापडली, तर ती वरच्या पायरीवर इंग्रजीत वाचली जाणार, आणि तेथे ‘करील’ व ‘करू शकेल’ यांतील फरकही तपासला जाणार. पहिल्याने कर्तव्य लादले जाते, दुसऱ्याने केवळ मुभा मिळते. यासाठी मागणीपत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा ग्रामपंचायतीने प्रत्येक संज्ञेपुढे अधिनियमाचे नाव आणि कलमाचा क्रमांक लिहिण्याची सवय ठेवावी. प्रतिशब्दाबद्दल मतभेद झाला, तरी त्या क्रमांकावरून मूळ तरतूद दोन्ही भाषांत काढून समोर ठेवता येते.