भेंडीची चाचणी होते, मग तासाची का नाही?

(पोखर्णीत कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींसमोर झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरंही आहेत.)

ऐकणारे ऐका, वाचणारे वाचा. आजचा भाग पोखर्णीहून. नृसिंहाच्या देवळामुळे पोखर्णी सगळ्यांना माहीत आहे. पण आज विषय वेगळा आहे. इथून परभणीला शिकायला जाणाऱ्या मुलांचा, आणि त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा.

एक साधा प्रश्न विचारतो. ‘परभणी क्रांती’ माहीत आहे ना? भेंडीचं वाण. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८०च्या दशकात दिलेलं. भेंडीची पानं पिवळी पाडणारा केवडा रोग त्या काळी शेतकऱ्याला रडवत होता, आणि हे वाण त्याला दाद देत नव्हतं, म्हणून त्याचं नाव देशभर गेलं. आता असं वाण शेतकऱ्याच्या हातात कसं येतं? कुणी शास्त्रज्ञ उठला आणि म्हणाला, ‘मला वाटतं हे चांगलं आहे’, असं चालतं का? नाही. शेजारी तुलनेला जुनं वाण लावतात. एकच वाण चार-चार वाफ्यांत लावतात, कारण एखादा वाफा पाटाजवळ असतो, त्याला पाणी जास्त मिळतं. नोंदी ठेवतात. हंगामामागून हंगाम बघतात. मग बोलतात.

आणि आपल्या वर्गाचं काय? ‘मी पंधरा वर्षं असंच शिकवतो, पोरांना कळतं’ इथंच चाचणी संपते. भेंडीला जो न्याय, तो पोरांना नाही.

हाताचा जोर कुठं गेला?

हे हवेत बोलत नाही. आत्ताच करून बघू. क्रिकेटचा चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. हवेचा अडथळा सोडून द्या. या क्षणाला चेंडूवर कोणतं बल काम करतंय?

बरोबर, निम्म्या जणांनी ‘हाताचा जोर’ म्हटलं. लाजू नका, जगभरातली मुलं हेच म्हणतात. खरं उत्तर एकच आहे. फक्त गुरुत्वाकर्षण, खालच्या दिशेनं. हात सुटला तिथं हाताचं बल संपलं. चेंडू वर जातोय तो त्याला आधीच मिळालेल्या वेगामुळे.

न्यूटनचे तीन नियम तुम्ही पाठ म्हणता, गणितं सोडवता, मार्कही पडतात. तरी मनात जुनीच समजूत बसलेली असते. इब्राहिम हलौन आणि डेव्हिड हेस्टेनिस या दोघांनी अमेरिकेत अशाच प्रश्नांची चाचणी केली आणि १९८५ साली प्रसिद्ध केली. हार्वर्ड विद्यापीठातले एरिक माझूर नावाचे प्राध्यापक होते. मुलं त्यांना उत्तम शिक्षक म्हणायची. त्यांनी ती चाचणी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मी एरवी विचार करते तशी? एवढ्या एका प्रश्नात सगळं आलं. शिकवलेलं एका खिशात, समजलेलं दुसऱ्या खिशात.

माझूर यांनी पद्धत बदलली. वर्गात प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे दर वर्षी मोजत राहायचं. पुढे १९९८ साली रिचर्ड हेक यांनी अशा ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले. सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं शेवटपर्यंत किती आलं, हे पाहिलं. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सरासरी २३ टक्के. मुलांना बोलतं, सोडवतं करणाऱ्या वर्गात ४८ टक्के. जवळजवळ दुप्पट.

हे आकडे मिळाले कारण अनेक शिक्षकांनी आपापला वर्ग मोजू दिला. मला आज बोलायचंय ते याबद्दल. शिक्षकानं आपल्याच शिकवण्यावर, आपल्याच मुलांच्या शिकण्यावर संशोधन करायचं.

आपल्याकडे कुणी केलं?

केलं आहे, आणि महाराष्ट्रातच केलं आहे. मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग. भलामोठा हॉल, शेकडो मुलं. श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि त्यांच्या विद्यार्थी-संशोधकांनी ठरवलं की तासाच्या मधे मधे मुलांना एक प्रश्न द्यायचा. आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी जोडीनं, मग सगळ्या वर्गाची चर्चा. ही युक्ती अमेरिकेतली, १९८१पासूनची. पण मोठ्या वर्गात मुलं खरंच विचार करतात, की शेजाऱ्याशी गप्पा हाणतात? त्यांनी एक निरीक्षण-तक्ता बनवला. दहा आठवडे, अशा तेरा कृती. निरीक्षक वर्गात बसून नोंद करत राहिले की कोण लिहितंय, कोण बोलतंय, कोण दुसरीकडेच आहे. २०१३ साली निष्कर्ष छापला. सरासरी ८३ टक्के मुलं पूर्ण किंवा बहुतांशी कामात गुंतलेली होती.

पण ते तिथं थांबले नाहीत. गुंतणं वेगळं आणि शिकणं वेगळं. म्हणून पुढच्या वर्षी दुसरा अभ्यास आला. एका गटाला या पद्धतीनं, दुसऱ्याला व्याख्यानानं शिकवलं, आणि दोघांची एकच परीक्षा घेतली. जोडीनं विचार करणारा गट पुढे निघाला. आधी एक प्रश्न, मग त्यातून निघालेला दुसरा. संशोधन असंच पायरीपायरीनं चालतं.

आता तुम्ही म्हणाल, ती आयआयटी, आमचं कॉलेज कुठं? पण बघा, यात महागडं यंत्र कुठं आलं? एक तक्ता, एक पेन, आणि शेवटच्या बाकाकडे बघायची तयारी.

मग आपले प्राध्यापक का करत नाहीत?

गंमत बघा. डी.एड., बी.एड. केलेल्या शाळेतल्या गुरुजींना ‘कृतिसंशोधन’ हा शब्द माहीत असतो. वर्गातली एक अडचण घ्या, उपाय करा, नोंद ठेवा, हे त्यांच्या अभ्यासक्रमातच येतं. कॉलेजात शिकवायला मात्र नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. त्यात मुख्यतः विषय किती येतो ते तपासतात. तो विषय पोराला कसा समजतो, याकडे तेवढं लक्ष दिलं जात नाही.

रुजू झाल्यावर प्रशिक्षण असतं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे त्यांची नावं बदलली, २०२३पासून मालवीय मिशन आलं. उद्बोधन वर्ग होतात, प्रमाणपत्र मिळतं. पण प्रशिक्षणात ऐकलेलं परतल्यावर स्वतःच्या वर्गात चाललं का, हे बघायला पुढे कुणी सोबत नसतं. गाडी तिथंच अडते.

दुसरं कारण बढतीचं. २०१०च्या यूजीसी नियमांनी शोधनिबंधांना गुण दिले, आणि पेपर छापायची घाई सुरू झाली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं प्रयोगशाळेतल्या संयुगावर लिहिलं तर ते ‘संशोधन’. आणि ‘माझ्या वर्गातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना मोल संकल्पना का कळत नाही’ यावर लिहिलं तर सहकारीच विचारतात, हे तुमच्या विषयाचं आहे का? १९९० साली अर्नेस्ट बॉयर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं नेमका हाच वाद घातला होता. नवं शोधणं ही जशी विद्वत्ता, तशीच शिकवणं हीसुद्धा विद्वत्ता मानली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

आधार म्हणजे काय काय?

नुसतं ‘संशोधन करा’ म्हणून परिपत्रक काढलं तर अजून एक फाईल तयार होईल. माझ्या मते पाच गोष्टी लागतात.

एक, छोटा प्रश्न. ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या समस्या’ नको. ‘इंग्रजी पुस्तकातली व्याख्या आधी मराठीत समजावली तर आठवड्यानंतर मुलं ती स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात का?’ हा प्रश्न चालेल.

दोन, जोडीदार. एकानं शिकवावं, दुसऱ्यानं मागं बसून नोंद घ्यावी. पुढच्या आठवड्यात उलट. चुका काढायला नाही, वर्ग बघायला.

तीन, वेळ. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास प्राचार्यांनी यासाठी सोडावा. पैशांपेक्षा हा तास मोलाचा.

चार, आकड्यांचा माणूस. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, तिथं चाचण्यांची मांडणी करणारी माणसं आहेत. बी.एड. कॉलेजात कृतिसंशोधन शिकवणारे आहेत. शेजारच्या माणसाला विचारायला काय हरकत आहे?

पाच, मांडायची जागा आणि मान. जिल्ह्यातल्या कॉलेजांनी वर्षातून एक दिवस बसावं, मराठीत बोलावं, फसलेले प्रयोगही सांगावेत. आपली कॉलेजं नांदेडच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्या पातळीवर या कामाला बढतीत वजन मिळालं तर लोक आपोआप वळतील.

आणि एक पथ्य. मुलं म्हणजे वाफे नव्हेत. मार्क शिक्षकाच्या हातात असतात, त्यामुळे ‘नाही’ म्हणणं मुलाला जड जातं. म्हणून आधी सांगायचं, विचारायचं, नावं झाकायची, आणि नोंदींचा मार्कांशी संबंध ठेवायचा नाही. नवी पद्धत फायद्याची दिसली तर ती दुसऱ्या तुकडीलाही द्यायची. शिवाय नव्याची नवलाई असतेच. पहिल्या महिन्यात सगळं छान वाटतं, म्हणून घाईनं ढोल वाजवायचा नाही.

यात तुमचं काय?

हे प्राध्यापकांचं काम, आम्ही का ऐकावं? कारण किंमत तुम्ही मोजता. ज्या घरातलं पहिलं पोर कॉलेजला जातं, तिथं ते नापास झालं तर घर म्हणतं, ‘याला जमत नाही.’ पद्धत जमली नाही, असं कुणी म्हणत नाही. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, सक्रिय वर्गात सुमारे २२. शंभरामागे बारा पोरं. तुमच्या वर्गात ती बारा कोण असतील, विचार करा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, आम्ही मागितलं तर आमचे सर रागावतील. सुरुवात कशी करायची?

उत्तर: तक्रार घेऊन जाऊ नका. तास संपताना चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: आज काय कळलं, आणि कुठं अडलं. दहा जणांच्या चिठ्ठ्या एकत्र करून द्या, नाव न घालता. किंवा मोबाईलवर फॉर्म करा. ‘कळत नाही’ म्हटलं तर माणूस चिडतो. ‘दुसऱ्या पायरीवर सात जण अडले’ म्हटलं तर शिक्षक थांबतो, फळ्याकडे बघतो.

प्रश्न: मी पुढे प्राध्यापक व्हायचं म्हणतेय. आत्तापासून काय करू?

उत्तर: बाई, वही घाल. आज कोणता तास कळला, का कळला, कोणता डोक्यावरून गेला, तारीख घालून लिही. उद्या फळ्यासमोर उभी राहशील तेव्हा शेवटच्या बाकावरून वर्ग कसा दिसतो, हे विसरायला होतं. तुझ्याकडे ते लिहिलेलं असेल.

तर मंडळी, या आठवड्याचं काम ठरलं. एका तासाची एक चिठ्ठी. लिहा, जमवा, सरांच्या नाहीतर मॅडमच्या हातात द्या. पुढं काय झालं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.